नौकेवरची तिसरी बॅटरी

डिसेंबरातील एक पहाट. मुंबई बंदरातून आदल्या दिवशी सकाळी आठला निघालेली चौतीस फुटी शिडाची नौका जयगडच्या दीपगृहाच्या पश्चिमेला पोहोचली होती. वारा बेताचा, समुद्र शांत आणि चहूकडे मासेमारी नौकांचे दिवे. पहाटे चारच्या पाळीवर आलेल्या गड्याने चहासाठी विजेची किटली लावली आणि मिनिटभरात नौकेवरचा सारा उजेड गेला. डावीकडचा तांबडा, उजवीकडचा हिरवा आणि मागचा पांढरा हे तिन्ही नौकादिवे विझले. नकाशाचा पडदा काळा झाला, बिनतारी संच मुका झाला. सुकाणू धरून ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्राने काम सोडले, नौका वाऱ्याकडे तोंड करून वळली आणि शिडे फडफडू लागली. पुढची दहा मिनिटे ही नौका इतर कोणालाही दिसत नव्हती आणि तिच्या भोवती जाळी टाकून बसलेल्या यांत्रिक होड्या होत्या. हाती सुकाणू, दुसऱ्या हाती विजेरी, अशा अवस्थेत ती दहा मिनिटे गेली. सुदैवाने काही विपरीत घडले नाही.

नौकेचे मालक प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे. व्यवसायाने अभियंते, आता निवृत्त. परतल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला तो वरकरणी अगदी साधा होता : नौकेवर लिथियमच्या दोन बॅटऱ्या आहेत, तिसरी बसवायची. हे काम अर्ध्या दिवसाचे असावे असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत जे समजले ते नौका बाळगणाऱ्यांनाच नव्हे, तर घरच्या इन्व्हर्टरला किंवा छतावरच्या सौर यंत्रणेला 'आणखी एक बॅटरी' जोडू पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावे.

प्रथम मूळ घोटाळा पाहू. या नौकेवर प्रत्येकी १०० अँपिअर-तास क्षमतेच्या, १२.८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या होत्या. समांतर म्हणजे धन ध्रुवाला धन आणि ऋणाला ऋण. अशा जोडणीत विद्युतदाब तेवढाच राहतो, साठा दुप्पट होतो. बॅटऱ्या त्या पहाटे निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या. म्हणजे वीज संपलेली नव्हती. दीड हजार वॉटची किटली इन्व्हर्टरमार्फत चालवायची तर बॅटरीकडून सुमारे १३० अँपिअर प्रवाह लागतो. बाकीची उपकरणे १० अँपिअर. एकूण १४० अँपिअर दोन बॅटऱ्यांनी निम्मा निम्मा उचलला असता तर प्रत्येकीवर ७० चा भार पडला असता आणि तो त्यांना सहज पेलला असता.

पण समांतर जोडलेल्या बॅटऱ्या भार 'निम्मा निम्मा' वाटून घेत नाहीत. ज्या वाटेत रोध कमी, त्या वाटेने प्रवाह अधिक जातो. एका बॅटरीच्या ध्रुवावरचा नट लाटांच्या हादऱ्यांनी किंचित सैल झाला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हते. परंतु सैल जोडाने त्या वाटेत ८ मिलिओहमची भर घातली असे धरा. एका वाटेचा रोध ५ मिलिओहम, दुसरीचा १३. गणित सोपे आहे : चांगल्या जोडाच्या बॅटरीवर १०१ अँपिअर आणि सैल जोडाच्या बॅटरीवर ३९. बॅटरीची कमाल मर्यादा १०० अँपिअर होती. काही सेकंदांत पहिल्या बॅटरीने स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचे दार बंद केले. क्षणात सारे १४० अँपिअर दुसरीवर आले. तिनेही तेच केले. दोन धडधाकट बॅटऱ्या, आणि नौका अंधारात.

हे दार बंद करणारा द्वारपाल म्हणजे बॅटरीच्या पोटात बसवलेली व्यवस्थापन यंत्रणा. तंत्रज्ञ तिला इंग्रजी आद्याक्षरांनी 'बीएमएस' म्हणतात. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत असे काही नसते. तिच्यावर अतिरिक्त भार टाकला तर ती कण्हत, कुंथत, विद्युतदाब खाली नेत का होईना, काही काळ साथ देते. लिथियमची बॅटरी शेवटच्या क्षणापर्यंत ताजीतवानी दिसते आणि मग पूर्वसूचना न देता पूर्ण थांबते. जमिनीवर ही सुरक्षितता आहे. समुद्रात, रात्री, तीच गोष्ट धोका ठरू शकते. तेव्हा तिसरी बॅटरी बसवायची ती केवळ साठा वाढवण्यासाठी नव्हे. एकीने संप केला तरी उरलेल्या दोघींना भार पेलता यावा हा तिचा अधिक महत्त्वाचा हेतू. नौकेवरचा इन्व्हर्टर दोन हजार वॉटचा. तो पूर्ण भाराने चालला तर सुमारे १७४ अँपिअर खेचतो. दोन बॅटऱ्यांपैकी एक गेली तर दुसरीला हे अशक्य. तीनपैकी एक गेली तर प्रत्येकीवर ८७ : जेमतेम, पण मर्यादेच्या आत.

टाकी मोठी, धार तीच

खरेदीपूर्वी आमच्या अभियंता मित्रांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला. मुंबई ते गोवा हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. पाच नॉटच्या वेगाने पंचेचाळीस तास, म्हणजे दोन रात्री. स्वयंचलित सुकाणू सरासरी ४ अँपिअर घेते, तर दिवसाला ९६ अँपिअर-तास झाले. नकाशायंत्र व इतर मापके ४८, बिनतारी संच व जहाज-ओळख यंत्रणा २४, शीतकपाट ४५, दिवे १३, पंखा, पंप आणि दूरध्वनी मिळून २०. किटली सोडूनही बेरीज २४६. दोनशेच्या साठ्यापैकी ८० टक्के वापरायचे म्हटले तर १६० हाती येतात, म्हणजे सुमारे सोळा तासांची बेगमी. तिसरी बॅटरी आल्यावर २४० मिळतात : जवळजवळ एक पूर्ण दिवस.

परंतु साठा वाढला म्हणून आवक वाढत नाही. छतावर पाण्याची मोठी टाकी बसवली आणि नळाची धार तीच राहिली, तर टाकी भरायला वेळ अधिक लागतो एवढेच. नौकेवरचा २०० वॉटचा सौर पत्रा हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर चांगल्या दिवशी सुमारे ५० अँपिअर-तास देतो. शिडाची सावली पडली तर त्याहून कमी. रोजची तूट दोनशेच्या घरात. ती इंजिनाने भरून काढायची, आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

इंजिनावरचा अल्टरनेटर हा शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या सवयीचा असतो. ती बॅटरी भरत आली की स्वतःच प्रवाह कमी करत नेते. त्यामुळे अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियमची भूक मात्र शेवटपर्यंत तशीच राहते. शंभर अँपिअरचा अल्टरनेटर तासन् तास पूर्ण भाराने चालवला, तोही इंजिन मंद गतीने फिरत असताना, म्हणजे थंड करणारा पंखाही मंद असताना, तर त्याची वेटोळी जळतात. दोन बॅटऱ्यांवर हा त्रास जेवढा वेळ होत असे, त्याच्या दीडपट वेळ तीन बॅटऱ्यांवर होणार. शिवाय भरणे चालू असताना बॅटऱ्यांनी एकदम दार बंद केले तर अल्टरनेटरमधील ऊर्जेला जायला जागा उरत नाही. विद्युतदाब क्षणार्धात उसळतो आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड तर जातातच, नौकेवरील नाजूक इलेक्ट्रॉनिक साधनेही जाऊ शकतात. यावरचा रूढ उपाय म्हणजे अल्टरनेटर इंजिनाच्या जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा आणि मधल्या डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियमकडे मोजका, समजा ५० अँपिअर, प्रवाह सोडायचा. दुसरा उपाय म्हणजे तापमान पाहून भार कमी करणारा बाह्य नियंत्रक. या नौकेवर पहिला उपाय आधीपासून होता. म्हणून हिशेब असा निघाला की २०० अँपिअर-तासांची तूट भरायला इंजिन चार तास चालवावे लागेल. मित्रांनी तिसऱ्या बॅटरीबरोबर दुसरा सौर पत्राही घेतला. हा खर्च बॅटरीच्या आधी करायला हवा होता, असे माझे मत आहे.

जुन्या-नव्याचा संसार

घरच्या इन्व्हर्टरची एक बॅटरी गेली तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन सांगतो की दोन्ही एकदम बदला. त्याचे म्हणणे शिसे-आम्लाच्या बाबतीत बरोबर असते. जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर ओढते. मग तीन वर्षे वापरलेल्या दोन लिथियम बॅटऱ्यांच्या शेजारी कोरी बॅटरी बसवावी काय?

इथे बॅटरीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी बाजारात प्रथम आणली ती सोनी कंपनीने, १९९१ साली. नौकांवर आज जिचा वापर बहुतांशी होतो ती लिथियम लोह फॉस्फेटची जात जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जगापुढे मांडली. गुडइनफ यांना स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९७ होते. या जातीत प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. म्हणून मोबाइल किंवा मोटारीतील निकेल-कोबाल्टच्या जातींपेक्षा ती तापून भडकण्याला बरीच अधिक दाद देत नाही. 'ही बॅटरी पेटतच नाही' असे विक्रेते सांगतात ते मात्र खरे नाही. अतिरेकी तापली तर तीही ज्वालाग्राही वायू सोडते आणि नौकेच्या बंद कप्प्यात तेवढे पुरते. नॉर्वेतील 'यटरॉयनिंगेन' या प्रवासी बोटीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये बॅटरी कक्षात आग लागली, ती आटोक्यात आली असे वाटले आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. ती यंत्रणा आपल्या नौकेच्या शेकडो पट मोठी होती, हे खरे. पण वायूला बाहेर पडायला वाट हवी हा मुद्दा लहान नौकेलाही लागू आहे.

या बॅटरीचा दुसरा स्वभावविशेष म्हणजे तिचा सपाट विद्युतदाब. पूर्ण भरून विसावलेली बॅटरी सुमारे १३.४ व्होल्ट दाखवते. सत्तर टक्के भरलेली १३.२ आणि चाळीस टक्क्यांवर आलेली १३.१. म्हणजे तीस टक्के साठा खर्च होतो आणि काटा जेमतेम एक दशांश व्होल्टने हलतो. वीस टक्क्यांखाली मात्र कडा तुटल्यासारखा दाब कोसळतो. या सपाटपणाचा फायदा असा की जुनी आणि नवी बॅटरी मधल्या पट्ट्यात सहसा भांडत नाहीत. दाब सारखाच, त्यामुळे एकीतून दुसरीत फारसा प्रवाह वाहत नाही. जुनीची क्षमता ९० झाली असेल तर ती ९० देते, नवी १०० देते. तोटा टोकांना जाणवतो. जुनी आधी रिकामी होते, आणि त्या वेळी संपूर्ण भार नवीवर येतो. अगदी भरतानाही जुनी आधी भरते आणि चार्जरचा सारा प्रवाह नवीकडे वळतो. तेव्हा प्रत्येक बॅटरीची एकटीची मर्यादा लक्षात घेऊनच चार्जर व इन्व्हर्टर निवडावेत.

उत्पादक सहसा एकच कंपनी, एकच नमुना, एकच क्षमता आणि जवळपास एकच वय यांचा आग्रह धरतात. त्यात व्यापारी हेतू काहीच नसेल असे नाही, परंतु समांतर जोडणीतही त्याला आधार आहे : आतला रोध सारखा असला तर वाटणी सारखी होते. एकसर जोडणीत, म्हणजे चोवीस व्होल्टसाठी एकीमागे एक जोडताना, मात्र हा नियम मोडूच नये. तिथे दुबळी बॅटरी सगळ्यांना रोखते. समांतरात क्षमता वेगळी असली तरी निभावते. मिश्र रसायन मात्र कदापि नाही. शिसे-आम्लाशी किंवा निकेल-कोबाल्टच्या बॅटरीशी लोह फॉस्फेटची सरळ गाठ बांधणे म्हणजे निराळ्या पातळ्यांच्या दोन विहिरी तळाशी भोक पाडून जोडणे. किती बॅटऱ्या समांतर चालतील याची मर्यादाही उत्पादकाने दिलेली असते, तीही पाहावी. आणि ज्या बॅटऱ्यांचे व्यवस्थापन बाहेरच्या एका सामाईक यंत्रणेकडून संदेशतारेने होते, त्यांच्या गोतावळ्यात दुसऱ्या कंपनीची पाहुणी बसत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून बॅटरी मागवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडावा. अशा एका बॅटरीत १,२८० वॉट-तास ऊर्जा असते. विमानात प्रवाशाला १०० पर्यंत, आणि विमान कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंतच नेता येते.

गोदीतली दुपार

बॅटरी आली. गोदीतल्या वीज कारागिराने ती पाहिली आणि म्हणाला, "साहेब, लालला लाल, काळ्याला काळी. दहा मिनिटांचं काम." शिसे-आम्लाच्या जमान्यात ते दहा मिनिटांचेच होते.

पहिली अडचण पातळीची. नवी बॅटरी कारखान्यातून अर्धवट भरलेली येते. जुन्या दोघी त्या दिवशी काठोकाठ भरलेल्या होत्या. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक आणि जोडणीचा एकूण रोध १० मिलिओहम, तर जोडता क्षणी ५० अँपिअर प्रवाह एकीतून दुसरीत धावणार. नवी जवळजवळ रिकामी असती आणि फरक दीड व्होल्टचा असता, तर १५० अँपिअर. मग ठिणगी, आणि व्यवस्थापन यंत्रणेचे दार बंद. यासाठी तिन्ही बॅटऱ्या सुट्या करून प्रत्येक स्वतंत्रपणे १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत भरायची, भरणारा प्रवाह क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे ५ अँपिअरवर येईपर्यंत थांबायचे, मग काही तास तिन्ही स्वस्थ ठेवायच्या आणि चांगल्या मीटरने दाब मोजायचा. दशांश व्होल्टच्या आत फरक असेल तर जोडायला हरकत नाही. पेशींचे आपसातले संतुलनही याच वरच्या टोकाला होते, हा आणखी एक लाभ. हे सव्यापसव्य करायला चार्जर एकच, म्हणून तीन दिवस गेले. घाई असेल तर जुने कारागीर एक युक्ती करतात. जोडण्यापूर्वी दोन बॅटऱ्यांच्या धन ध्रुवांमध्ये मोटारीचा ५५ वॉटचा हॅलोजन दिवा धरायचा. दिव्यामुळे प्रवाह चार-पाच अँपिअरपलीकडे जात नाही आणि पातळ्या हळूहळू जवळ येतात.

दुसरी अडचण तारांची. जुनी जोडणी साखळीची होती : एका बॅटरीवरून तार दुसरीवर, आणि दोन्ही मुख्य तारा पहिल्या बॅटरीवरून. अशा साखळीत मुख्य तारेजवळची बॅटरी सर्वाधिक राबते आणि शेवटची आराम करते. दोन बॅटऱ्या असतील तर धन तार पहिलीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घेतली की वाटणी नीट होते. तीन झाल्या की मधली मागे पडते. म्हणून तांब्याच्या दोन जाड पट्ट्या, एक धन आणि एक ऋण, बसवून तिन्ही बॅटऱ्यांकडून त्यांच्यापर्यंत अगदी सारख्या लांबीच्या तारा आणल्या. जवळच्या बॅटरीची तार आखूड करण्याचा मोह इथे आवरायचा. पन्नास चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.३५ मिलिओहम; बॅटरीचा स्वतःचा रोध दोन-चार मिलिओहमच्या घरात, म्हणजे तारेची मीटर-दोन मीटरची तफावतही मोजण्याजोगी. खाऱ्या हवेसाठी कथिलाचा मुलामा दिलेलीच तार घेतली आणि नट टॉर्क पान्याने ठरलेल्या ताकदीपर्यंत आवळले. जयगडच्या पहाटेचे मूळ त्या नटातच होते.

तिसरी गोष्ट फ्यूजची, आणि सर्वाधिक हयगय होते तीही हिचीच. जुन्या जोडणीत दोन बॅटऱ्यांना मिळून एकच फ्यूज होता. समजा एका बॅटरीत आतून बिघाड झाला, तर शेजारच्या दोघी आपला सारा प्रवाह तिच्यात ओततात आणि या वाटेवर तो एक फ्यूज येतच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र फ्यूज, तोही ध्रुवापासून अक्षरशः वीतभर अंतरात. फ्यूजची जातही महत्त्वाची. लिथियम बॅटरीचा रोध इतका कमी की शॉर्ट सर्किट झाल्यास ती काही हजार अँपिअर ओकते. तीन मिळून अधिकच. साधा फ्यूज एवढ्या प्रवाहात वितळतो खरा, पण आतल्या आत विजेची ज्योत पेटून प्रवाह चालूच राहू शकतो. 'क्लास टी' जातीचा फ्यूज २० हजार अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो. तो महाग असतो. तीन घ्यावे लागले तेव्हा मित्रांच्या कपाळावर आठी उमटली, पण घेतले.

जोडण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधी सौर पत्र्याची तार सोडवायची, किनाऱ्यावरची वीज व इंजिन बंद करायचे, सारे भार काढायचे, आणि मगच बॅटरीला हात लावायचा. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचे. पान्याच्या मुठीवर रोधक पट्टी गुंडाळायची. पाना दोन ध्रुवांवर आडवा पडला तर तो तिथेच डागला जातो.

चौथी गोष्ट गमतीची. नौकेवर साठ्याची टक्केवारी दाखवणारे एक मापक होते. दाबावरून साठा कळत नाही हे आपण पाहिले. म्हणून हे मापक ऋण तारेवर बसवलेल्या एका अचूक रोधातून, शंटमधून, जाणारा-येणारा प्रत्येक अँपिअर मोजते. कारागिराने नव्या बॅटरीची ऋण तार सोयीच्या ठिकाणी, पण शंटच्या पलीकडच्या बाजूला, जोडली होती. त्यामुळे नवी बॅटरी काय देते-घेते याचा पत्ता मापकाला लागत नव्हता. ती नसल्यासारखीच. तार हलवली, मापकात क्षमता २०० वरून ३०० केली, बॅटऱ्या पूर्ण भरून मापक शंभर टक्क्यांवर आणले. ही शेवटची दोन कामे विसरली तर मापक साठ्याचा तिसरा हिस्सा कमी सांगत राहते.

बॅटऱ्यांची जागा इंजिनाच्या कप्प्यात नको, हे वेगळे सांगायला नको असे वाटते. पण मी तशा नौका पाहिल्या आहेत. थंड देशांत शून्याखालच्या तापमानात या बॅटऱ्या भरू नयेत असा इशारा असतो, तो आपल्याला लागू नाही. आपला शत्रू उष्णता. बहुतेक बॅटऱ्यांना भरण्याची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मे महिन्यात इंजिन चालू असताना तो कप्पा त्याच्या पार पुढे जातो. नौका आडवी झाली तरी बॅटरी जागची हलू नये, इतक्या घट्ट पट्ट्यांनी ती बांधलेली असावी. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बारा किलोच्या आसपास, म्हणजे शिसे-आम्लाच्या निम्म्याहूनही हलकी. पण बारा किलोचा ठोकळा लाटेवर सुटला तर पुरेसा आहे.

पावसाळ्याचा प्रश्न खास आपल्याकडचा. मुंबईतल्या शिडाच्या नौका जूनच्या आधी पाण्याबाहेर काढतात आणि सप्टेंबरनंतर परत उतरवतात. शिसे-आम्लाची बॅटरी या काळात भरून ठेवायची आणि अधूनमधून भरत राहायची, ही आपली सवय. लिथियमला काठोकाठ भरून चार महिने उकाड्यात ठेवणे मानवत नाही; तिचे आयुष्य त्याने घटते. तिला निम्मी भरून, सारे सोडवून ठेवायचे. 'सारे' या शब्दावर भर द्यायला हवा. मापक, गळतीसूचक, कुठला तरी मिणमिणता दिवा अशी किरकोळ उपकरणे मिळून ३० मिलिअँपिअर घेत राहिली, तर १२० दिवसांत ८६ अँपिअर-तास जातात. तीनशेचा निम्मा साठा म्हणजे दीडशे. त्यातून ते सोसता येईल. शंभरच्या एकाच बॅटरीवर हाच भार राहिला तर ऑक्टोबरात ती मेलेली सापडेल.

या साऱ्याला आता नियमांचीही चौकट आहे. लहान नौकांवरील लिथियम बॅटऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये तांत्रिक निर्देश काढले. अमेरिकी नौका व यॉट परिषदेने २०२२ मध्ये आपले मानक प्रसिद्ध केले. दुसऱ्यातला एक मुद्दा आमच्या गोष्टीशी थेट जुळतो : व्यवस्थापन यंत्रणेने बॅटरी तोडण्यापूर्वी नौकेवरच्या माणसाला इशारा मिळावा, आणि ती तुटली तरी नौकादिव्यांसारख्या अत्यावश्यक गोष्टींना दुसरीकडून वीज मिळण्याची सोय असावी. आपल्याकडे खासगी शिडाच्या नौकेवर असे काही तपासायला सहसा कोणी येत नाही. विमा उतरवताना प्रश्न विचारले जातील तेवढेच.

म्हणून मित्रांनी सरतेशेवटी एक जुनीच वस्तू नौकेवर परत आणली : शिसे-आम्लाची एक छोटी बॅटरी. ती फक्त नौकादिवे, बिनतारी संच आणि होकायंत्राचा दिवा यांच्यासाठी. लिथियमशी तिचा संबंध एका लहान चार्जरपुरता, तोही एकाच दिशेने. एक बटण फिरवले की दिवे तिच्यावर येतात.

फेब्रुवारीत बंदरातच, नांगरावर, चाचणी घेतली. किटली लावली आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही तारा मोजल्या : ४८, ४६, ४६. मग एका बॅटरीचे बटण मुद्दाम बंद केले. उरलेल्या दोन्ही तारांवर ७० च्या आसपास आकडा आला आणि तिथेच स्थिर राहिला. मग दुसरीही बंद केली. चार सेकंदांनी तिसरीने दार मिटले, पंखा थांबला, नकाशाचा पडदा काळा झाला. बटण फिरवताच डोलकाठीवरचा आणि कडेचे दिवे लागले. किटलीतले पाणी तोवर उकळले नव्हते. ते पुढे शेगडीवर ठेवावे लागले.